रानपिंगळा : एका नोंदीचा आणि एका पक्ष्याचा शोध



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला इतिहास शिकवीत. एखादी सनावळ पाठ म्हणून दाखवली की ते शांतपणे विचारीत, "हे तुला कोणी सांगितले? आणि त्याला कोणी सांगितले?" त्या प्रश्नाची आम्हांला धास्ती वाटे. आजचा विषय एका लहानशा घुबडाचा आहे. इतिहासाच्या शिक्षकाच्या स्मृतिव्याख्यानात घुबड कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल तर ते स्वाभाविक आहे. परंतु या पक्ष्याची कथा मुळात सरांच्या त्या प्रश्नाचीच कथा आहे, म्हणून मी ती निवडली.

पिंगळा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. शाळेच्या जुन्या इमारतीमागच्या चिंचेच्या ढोलीत त्यांची एक जोडी असे आणि संध्याकाळची घंटा झाली की त्यांचा कलकलाट सुरू होई. मराठी मुलखात भल्या पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळाही याच पक्ष्याची बोली जाणतो म्हणून त्याच नावाने ओळखला जातो. गावात, वाड्यात, मंदिराच्या शिखरात राहणारा हा पिंगळा. याचाच एक भाऊबंद मात्र गावात येत नाही. त्याला रानपिंगळा म्हणतात. दिसायला तो पिंगळ्यासारखाच, वीतभर उंचीचा. पण पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. छातीवर गडद तपकिरी पट्टा, त्याखाली पोट पांढरे स्वच्छ, चोच आणि नख्या शरीराच्या मानाने दांडग्या, पाय पिसांनी भरलेले. शिवाय तो बहुतांशी दिवसा वावरतो. सकाळच्या उन्हात एखाद्या निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर उघडा बसून राहतो. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

या पक्ष्याची शास्त्रीय नोंद प्रथम झाली ती ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या हातून. काँग्रेसच्या स्थापनेमुळे ह्यूम आपल्याला ठाऊक असतात. त्यापूर्वीचे ह्यूम हे हिंदुस्थानातील पक्षिशास्त्राचे एक प्रकारचे सरसेनापती होते. देशभर पसरलेले अधिकारी, सर्वेक्षक, वनाधिकारी त्यांना पक्ष्यांची कातडी पाठवीत आणि ह्यूम 'स्ट्रे फेदर्स' या आपल्या नियतकालिकात त्यांची वर्णने छापीत. १८७२ च्या डिसेंबरात त्यांचे एक सहकारी ब्लेविट यांना तत्कालीन मध्य प्रांतातील फुलझर भागात, बसना गावाजवळ, आजच्या छत्तीसगडात, एक वेगळेच घुबड मिळाले. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याला स्वतंत्र प्रजातीचे नव्हे तर स्वतंत्र वंशाचे स्थान दिले. 'हेटेरोग्लॉक्स' म्हणजे 'निराळे घुबड' हे वंशाचे नाव आणि ब्लेविट यांच्यावरून प्रजातीचे.

१८७७ मध्ये भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे व्हॅलेन्टाइन बॉल यांना खरियार येथे, आजच्या ओडिशात, दुसरा नमुना मिळाला. यानंतर कथा एकदम पश्चिमेकडे, आपल्या परिचयाच्या मुलखात येते. खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाचे मुलकी सेवेतील अधिकारी होते. सरकारी कामातून उरलेला वेळ ते पक्ष्यांच्या नोंदीत घालवीत. तळोदा आणि शहादा भागांत, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांनी १८८० नंतरच्या तीन-चार वर्षांत हा पक्षी पुन:पुन्हा मिळवला. १८८४ पर्यंत सारे मिळून जेमतेम सात नमुने झाले. त्यानंतर नोंद थांबली.

ती का थांबली याचे एक कारण पक्ष्यात नव्हे, माणसांत आहे. ह्यूम यांची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते सिमल्यातील त्यांच्या घरातून एका नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकली. या आघाताने ह्यूम यांचे मन पक्षिशास्त्रावरून उडाले. १८८५ मध्ये त्यांनी सुमारे ८२,००० नमुन्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि देशभर विणलेले निरीक्षकांचे जाळे विरत गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. राष्ट्राला जे मिळाले त्याची तुलना रानपिंगळ्याशी कोणी करू नये. एवढेच म्हणायचे की, पाहणारी माणसे गेली की पाहण्याजोगे पक्षीही कागदावरून नाहीसे होतात.

आता या कथेतील सर्वांत चमत्कारिक प्रकरण. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन (१८७८–१९६७) हे ब्रिटिश सैन्यातील गुप्तहेर खात्याचे अधिकारी, डायरीकार आणि नामांकित पक्षितज्ज्ञ. १९५४ मध्ये त्यांनी आपला सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यात रानपिंगळ्याचे एक कातडे होते. त्याच्या चिठ्ठीवर स्थळ होते तापीकाठचे मांडवी, म्हणजे सुरत जिल्ह्यातले, आणि काळ ऑक्टोबर १९१४. याचा अर्थ असा झाला की १८८४ नंतर तीस वर्षांनी हा पक्षी जिवंत होता आणि तो गुजरातेत होता. साहजिकच ज्यांना रानपिंगळा शोधायचा होता त्यांच्या नकाशावर मांडवीचा ठिपका उमटला. डॉ. सलीम अली आणि अमेरिकेतील डिलन रिप्ली यांच्यासारख्या मातब्बरांनी या पक्ष्याचा शोध घेतला. तो सापडला नाही. मध्यंतरी नागपूरकडून आलेले एक छायाचित्र रानपिंगळ्याचे म्हणून प्रसिद्ध झाले, ते नंतर साध्या पिंगळ्याचे निघाले.

सलीम अली १९३७ मध्ये माइनर्ट्झहागेन यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. ज्याच्याबरोबर तंबूत राहिलो, त्याच्या हातची चिठ्ठी खोटी असेल अशी शंका सहसा कोणी घेत नाही. तशी शंका घेण्याची जागा खरे तर होती. कर्नलसाहेबांवर त्यांच्या हयातीतच संग्रहालयातील नमुने उचलल्याचा संशय होता आणि काही काळ त्यांना तेथील पक्षिविभागात मज्जावही झाला होता. परंतु हुद्दा, घराणे आणि कीर्ती यांचे वजन असे असते की कुजबुज ही कुजबुजच राहते. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी त्यांच्या संग्रहातील काही नमुन्यांच्या चिठ्ठ्या खोट्या असल्याचे पुराव्यानिशी मांडले, तेव्हा कुठे त्या कुजबुजीला कागदाचे रूप आले.

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ त्या सुमारास वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेत दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या मार्गदर्शक ग्रंथाचे काम करीत होत्या. मूळ कल्पना रिप्ली यांची. त्या कामासाठी त्यांनी ठिकठिकाणच्या संग्रहालयांतील रानपिंगळ्यांची कातडी तपासली आणि १९१४ च्या नमुन्यापाशी त्या अडल्या. पक्ष्याचे कातडे काढणे, कापूस भरणे आणि टाके घालणे यांत प्रत्येक माणसाचा हात निराळा असतो. आपण हस्ताक्षर ओळखतो तसा तो जाणकाराला ओळखू येतो. मांडवीच्या पक्ष्यावर वरवर माइनर्ट्झहागेन यांचा हात होता, पण आत, क्ष-किरणांच्या छायाचित्रांत, खानदेशच्या डेव्हिडसन यांचा हात दिसत होता. डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात तयार केलेला एक नमुना म्युझियममधून उचलून, उसवून, पुन्हा भरून त्यावर नवी चिठ्ठी बांधली गेली होती. रासमुसेन आणि केंब्रिजचे नायजेल कॉलर यांनी हा सारा पुरावा १९९९ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. म्युझियमच्या पक्षिसंग्रहाचे रॉबर्ट प्रिस-जोन्स यांच्यासह रासमुसेन यांनी पुढे कर्नलसाहेबांच्या इतर नमुन्यांचीही छाननी केली. चोरी एका घुबडापुरती नव्हती हे त्यातून उघड झाले.

या लबाडीतली हुशारी लक्षात घेण्याजोगी आहे. मांडवी ही काही अशक्य जागा नव्हती. तळोदा-शहाद्याकडून तापीच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे गेले की मांडवी येते. खोटे सत्याच्या इतक्या शेजारी ठेवले होते की ते खपून गेले. अलीकडे दक्षिण गुजरातेत, डांगच्या पूर्णा अभयारण्यात, रानपिंगळा खरोखरच आढळला आहे. म्हणून १९१४ ची नोंद खरी ठरत नाही. योगायोगाने बरोबर आलेले उत्तरही, रीत खोटी असेल तर, सरांनी कधी गुण देऊन तपासले नसते.

मांडवीचा ठिपका पुसला गेला तेव्हा नकाशा मोकळा झाला. उरली ती एकोणिसाव्या शतकातील खरी स्थळे : पूर्वेला फुलझर आणि खरियार, पश्चिमेला खानदेश. रासमुसेन, न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे नोव्हेंबर १९९७ मध्ये हिंदुस्थानात आले. आधी त्यांनी पूर्वेकडे शोध घेतला. तेथे काही हाती लागले नाही. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्यांत, बेन किंग यांना एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर उन्हात बसलेले लहानसे घुबड दिसले. डोक्यावर ठिपके नव्हते, पोट पांढरे होते. रासमुसेन यांनी ते व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपले. ११३ वर्षांनंतर हा पक्षी अधिकृतपणे जिवंत झाला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, पुढच्या वर्षी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

येथे एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. 'पुन्हा सापडला' हा शब्दप्रयोग कोणाच्या बाजूने? सातपुड्यातील भिल्ल, पावरा आणि मेळघाट-खंडव्याकडील कोरकू यांच्या डोक्यावर हा पक्षी ती ११३ वर्षे बसत होता. तो त्यांच्या दृष्टीने हरवलाच नव्हता. त्यांना कोणी विचारले नाही, आणि विचारले तरी पिंगळा कोणता आणि रानपिंगळा कोणता हे कळण्याइतकी त्यांची भाषा विचारणाऱ्याला येत नव्हती. आंध्रातील जेर्डनचा धाविक हा पक्षी १९८६ मध्ये पुन्हा सापडला तो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण यांनी तेथील स्थानिक पारध्यांची मदत घेतल्यामुळेच. आपल्याकडे मात्र हजारो किलोमीटरवरून पाहुणे यावे लागले. त्यांचे श्रेय कमी करावे असा माझा हेतू नाही. पण शहाद्याला येण्यासाठी मुंबईहून रात्रीची एक बस पुरते, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

सुदैवाने त्यानंतर मुंबईकर मागे राहिले नाहीत. खरे सांगायचे तर या कथेचा जो भाग वर्तमानपत्रांत कमी आला तोच मला अधिक मोलाचा वाटतो. पक्षी सापडणे ही एका सकाळची गोष्ट. तो कोठे कोठे आहे, किती आहेत, काय खातो, कोठे घरटे करतो, कशाने मरतो हे समजायला वर्षे लागतात, आणि ती वर्षे अनेक संस्थांनी वाटून घेतली.

पहिला टप्पा आवाजाचा होता. दाट सागवनात पक्षी डोळ्यांनी शोधणे कठीण. रासमुसेन आणि सोसायटीच्या फराह इश्तियाक यांनी रानपिंगळ्याचे आवाज ध्वनिमुद्रित करून १९९९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. मग ते ध्वनिमुद्रण जंगलात वाजवायचे आणि उत्तर येते का ते ऐकायचे, ही पद्धत हाती आली. आपल्या हद्दीत परका आला असे समजून पक्षी उत्तर देतो. या मार्गाने फराह इश्तियाक आणि डॉ. असद रहमानी यांनी जून १९९८ पासून वर्षभरात चौदा वनक्षेत्रे पालथी घातली. चार ठिकाणी मिळून २५ पक्षी भेटले. उत्तर महाराष्ट्रात तळोदा-तोरणमाळ, विदर्भात मेळघाट, आणि आपल्या निमाडात खकनार. खकनार तेव्हा खंडवा जिल्ह्यात होते, २००३ पासून बऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे. आपल्यापैकी ज्यांनी मीटरगेजच्या गाडीने पाताळपाणी आणि कालाकुंड ओलांडून खंडवा गाठले असेल, त्यांना हे ऐकून माझ्यासारखेच वाटले असेल. ज्या पक्ष्याला शोधायला लोक कोठून कोठे गेले, तो आपल्या शेजारच्या जिल्ह्यात होता.

दुसरा टप्पा चिकाटीचा. एका जोडीच्या ढोलीसमोर पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बसायचे आणि नराने काय आणले ते लिहायचे. यातून कळले की त्याच्या आहारात सुमारे ६० टक्के वाटा सरडे, सापसुरळ्या यांसारख्या सरपटणाऱ्यांचा आहे. उंदीर साधारण १५ टक्के, पक्षी अगदी थोडे, बाकी कीटक आणि बेडूक. विणीचा हंगाम ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत पसरलेला, जानेवारी-फेब्रुवारीत प्रणयाचा भर. ढोलीतल्या मादीला नर भक्ष्य आणून देतो, ती पिल्लांना भरवते, आणि सुमारे महिन्याभरात पिल्ले बाहेर पडतात. नराने स्वत:चेच पिल्लू खाल्ल्याचे एक निरीक्षणही इश्तियाक आणि रहमानी यांनी प्रामाणिकपणे छापले. दुर्मीळ पक्ष्याविषयी आपल्या मनात जी भाविकता असते तिला हे मानवत नाही, पण नोंद ती नोंद. पुढे गिरीश जठार यांनी सोसायटीच्या वतीने या पक्ष्याच्या परिसराचा सविस्तर अभ्यास केला.

तिसरे पथक पुण्याचे. वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्वेशन सोसायटी या संस्थेच्या डॉ. प्राची मेहता आणि डॉ. जयंत कुलकर्णी यांनी मध्य भारतातील जंगलांत पद्धतशीर सर्वेक्षणे केली. २००८ मध्ये त्यांचा अहवाल आला. खंडव्याच्या पूर्व कालीभीत जंगलातील त्यांचे काम तर अनेक वर्षांचे. या कामांत वनखात्याचे रखवालदार आणि कोरकू वाटाडे होते. त्यांची नावे शोधनिबंधांच्या शीर्षकाखाली क्वचित येतात, पण ढोली त्यांनीच दाखवल्या. २०१४ मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही रानपिंगळा आढळला. सातपुड्याचा म्हणून समजलेला पक्षी सह्याद्रीच्या उत्तर टोकाला, कोकणाच्या उंबरठ्यावर आहे हे तेव्हा समजले.

चौथा टप्पा प्रयोगशाळेतला. ह्यूम यांनी याला स्वतंत्र वंश दिला, पुढच्यांनी तो काढून पिंगळ्याच्या 'अथीनी' वंशात घातला, काहींनी पुन्हा वेगळा केला. हा वाद शंभराहून अधिक वर्षे चालला. २०१८ मध्ये कोइमतूर, पुणे, बेंगळूरु आणि तिरुपती येथील संशोधकांनी मिळून केलेल्या जनुकीय अभ्यासाने निकाल दिला की रानपिंगळा अथीनी वंशाच्या शाखेतच बसतो. ह्यूम यांचे निराळे घुबड तितकेसे निराळे नव्हते. मराठी माणसाने त्याला आधीपासून पिंगळाच म्हटले होते, हा आमच्या भाषेचा योगायोगाने झालेला विजय.

त्याच २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने रानपिंगळ्याचा दर्जा बदलला. 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून तो एक पायरी खालच्या 'संकटग्रस्त' वर्गात आला. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज २५० ते ९९९. ही बातमी आली तेव्हा काही ठिकाणी रानपिंगळा सावरला अशा अर्थाचे मथळे आले. ते मला पटले नाहीत. पक्षी वाढले असे कोणी सिद्ध केलेले नाही. आपल्याला ठाऊक असलेली ठिकाणे वाढली. पंचवीस पक्ष्यांपासून काहीशे पक्ष्यांपर्यंतचा हा प्रवास पक्ष्यांचा नाही, तो आपल्या माहितीचा आहे. तो क्षुल्लक आहे असे मी म्हणत नाही, कारण ज्याचा पत्ता नाही त्याला वाचवता येत नाही. पण दोन गोष्टींची गल्लत करणे म्हणजे पुन्हा एक चुकीची चिठ्ठी बांधणे होय.

त्याची संकटे अजून तशीच आहेत. त्याला ढोलीसाठी म्हातारी झाडे लागतात, आणि सावजावर झेप घेण्यासाठी मोकळी जमीन. जुने झाड तोडले की पुन्हा ढोली तयार व्हायला माणसाचे आयुष्य जाते. उन्हाळ्यातील वणवे, सरपणासाठीची तोड, शेतीसाठी साफ होणारे जंगल, आणि घुबडाचे अवयव व अंडी तंत्रमंत्रात वापरण्याची खुळी समजूत हे सर्व त्याच्या वाट्याला आहे. कायद्याने त्याला वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. परंतु जंगलात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसाचा शेतजमिनीवरचा हक्कही २००६ च्या कायद्याने मान्य केला आहे, आणि तो न्याय्य आहे. घुबडासाठी कोरकूला हुसकावून लावा म्हणणारा माणूस बहुधा शहरात, पंख्याखाली बसलेला असतो. ढोलीच्या झाडाची राखण कोणी करू शकत असेल तर तो त्याच पाड्यावरचा माणूस, आणि त्याला त्याचे मोल मिळेल अशी व्यवस्था लावणे हा या पुढच्या कामाचा खरा अवघड भाग आहे. शास्त्रज्ञांचे आपसांत जमले, तसे वनखाते आणि पाडा यांचे जमेल का, याचे उत्तर प्रत्येक वनपरिक्षेत्रात वेगवेगळे मिळते.

मी स्वत: दोन हिवाळ्यांत कालीभीतच्या रानात गेलो. पहिल्या खेपेला तीन दिवस फिरलो, काही दिसले नाही. दुसऱ्या खेपेला वाटाड्या कोरकू तरुणाने सागाच्या एका वठलेल्या झाडाकडे बोट केले. मी दुर्बीण लावली आणि आनंदाने, "रानपिंगळा!" म्हणालो. तो हसला. त्याने मला थोडे डावीकडे सरकायला सांगितले. तेथून पक्ष्याचे डोके नीट दिसत होते, आणि त्यावर पांढरे ठिपके होते. मी वहीत तारीख, वेळ, झाड लिहिले आणि पुढे पक्ष्याचे नाव लिहिले : पिंगळा.